कुत्र्याच्या दृष्टीनें धनी : शेतकऱ्यानें व पुढाऱ्यानें घ्यावयाचे धडे

आमच्या शेतकरी समाजांत कुत्रा हें जनावर जितकें उपयोगाचें तितकेंच उपेक्षेचें आहे. पोळ्याच्या दिवशीं बैलास पुरणपोळीचा घांस मिळतो, वसुबारसेस गाईची पूजा होते. परंतु बारा महिने खळ्यावर, गोठ्यावर व वस्तीवर जागणाऱ्या कुत्र्याच्या वांट्यास शिळा तुकडा येतो आणि पुष्कळदां काठी येते. कोणाची निंदा करावयाची झाली तरी आपण ह्याच जनावराचें नांव घेतों. अशा जनावरापासून पुढारीपणाचे धडे घ्यावेत असें म्हटल्यास कांहीं वाचक हंसतील. दोन वर्षांपूर्वीं आम्हीही हंसलोंच असतों. परंतु ज्या प्रसंगानें आमचें हंसणें थांबलें, तो प्रथम निवेदन करून मग मुद्द्याकडे वळूं.

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों आणि वडिलोपार्जित जमीन स्वतः पाहूं लागलों. शेतावर वस्ती आहे, तेथें एक सालगडी सहकुटुंब राहतो, व खंड्या नांवाचा एक काळा कुत्रा आहे. त्या वर्षीं पौषांत रब्बी ज्वारी हुरड्यास आली होती आणि आम्ही रात्रीं वस्तीवरच निजत होतों. खंड्या मध्यरात्रीं भुंकूं लागे. पहिल्या रात्रीं उठून पाहिलें, कांहीं दिसलें नाहीं. काठी मारून त्यास गप्प केलें. दुसऱ्या रात्रीं अंथरुणांतूनच दगड भिरकावला. तिसऱ्या रात्रीं पुन्हां काठी. चौथ्या रात्रीं कुत्रा भुंकला नाहीं, आणि आम्हांस उत्तम झोंप लागली. सकाळीं उठून पाहतों तों ओढ्याच्या बाजूचें अर्धा एकर पीक रानडुकरांनीं लोळवून टाकलेलें ! खंड्या बांधावर बसून नुसता कुंई कुंई करीत होता. आम्हीं संतापानें काठी उचलली. तेव्हां आमचा गडी हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, भुंकला तर काठी, न भुंकला तरी काठी. मुक्या जिवानं वागावं तरी कसं ?"

काठी हातांतच राहिली. गड्यास विचारलें कीं, डुकरें येतात हें तुला ठाऊक होतें काय ? तो खालीं पाहून म्हणाला, "दोन दिवसांमागं ओढ्याला पावलं दिसली होती." मग सांगितलें कां नाहींस ? ह्या प्रश्नास त्यानें उत्तर दिलें नाहीं. पण तें आम्हांस आपोआप आठवलें. महिन्यापूर्वीं बैल लंगडतो अशी वर्दी घेऊन तो आला, तेव्हां "तूंच नीट पाहिलें नसशील" म्हणून आम्हीं त्याला चार लोकांदेखत बोललों होतों. तात्पर्य, आमच्या वस्तीवर वाईट बातमी आणणाऱ्यास शिक्षा होते हा नियम कुत्र्यास व माणसास सारखाच कळून चुकला होता. तो ठाऊक नव्हता एकट्या धन्यास.

त्या दिवसापासून आम्हीं एक खेळ मनाशीं आरंभिला. आपण खंड्याच्या जागीं बसून धन्याकडे पाहिलें तर काय दिसेल ? ह्या विषयावर विद्वानांनीं जे प्रयोग केले आहेत त्यांचीही माहिती मिळेल तेवढी मिळविली. त्यांतून जे धडे निघाले ते येणेंप्रमाणें.

पहिला धडा : अन्यायाची शिक्षा फार महाग पडते

महाभारताच्या आदिपर्वांत एका कुत्र्याच्या तक्रारीची कथा आहे. जनमेजय राजाचें कुरुक्षेत्रीं सत्र चाललें असतां सरमा नामक कुत्रीचा पुत्र तेथें आला. राजाच्या तिघां भावांनीं त्यास मारलें. तो रडत आईकडे गेला व म्हणाला, मीं हविर्द्रव्याकडे पाहिलेंही नाहीं व त्यास तोंडही लावलें नाहीं. सरमेनें यज्ञमंडपांत येऊन एवढेंच विचारलें कीं, अपराध नसतां माझ्या मुलास कां मारलें ? कोणाजवळही उत्तर नव्हतें. तेव्हां तिनें शाप दिला कीं, तुम्हांवर न दिसणारें भय येईल. पुढें राजा त्या शापानें चिंताक्रांत होऊन योग्य पुरोहित शोधीत हिंडला.

शापाचा अर्थ आम्ही आमच्या अनुभवावरून लावतों. निरपराध्यास मारणाऱ्या धन्याचे पहारेकरी मुके होतात, आणि पहारेकरी मुके झाले म्हणजे येणारें प्रत्येक भय न दिसणारेंच असतें. आमच्या अर्ध्या एकर ज्वारीस हाच शाप भोंवला.

दुसरी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कुत्रा हा शिक्षेचा संबंध त्या क्षणीं जें चाललें असेल त्याच्याशीं जोडतो. घटका दोन घटका उलटल्यावर मारलें तर पूर्वीच्या अपराधाची त्यास आठवण होत नाहीं. मार मात्र मनांत राहतो, आणि ज्याच्या हातून तो बसला त्याची भीति राहते. माणसास मागील अपराध आठवतो हें खरें. तथापि आठ दिवस मनांत कुढून नवव्या दिवशीं भलत्याच निमित्तानें गड्यावर किंवा मुलावर डाफरणारा धनी त्यांना काय शिकवितो? एवढेंच कीं, धन्याच्या वाऱ्यास उभें राहूं नये.

दुसरा धडा : कुत्र्यास पदवी कळत नाहीं

आम्ही कचेरींत होतों तेव्हां खुर्चीमुळें लोक उठून उभे राहत. खंड्यास आमची खुर्ची ठाऊक नाहीं, सातबाऱ्यावरील नांव ठाऊक नाहीं. त्यास आमचा हात, डोळे, चाल व आवाज एवढींच कळतात. पण तीं इतकीं चांगलीं कळतात कीं विद्वानांसही नवल वाटलें. २००२ सालीं ब्रायन हेअर, मायकेल टोमासेलो व त्यांचे सहकारी ह्यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, झांकून ठेवलेलें खाणें कोठें आहे हें माणसानें बोटानें किंवा नजरेनें दाखविलें असतां कुत्रे तें चटकन ओळखतात. माणसानें वाढविलेले लांडगे किंवा बुद्धिमान समजला जाणारा चिंपांझी वानरही त्यांच्या बरोबरीस आले नाहींत.

हें कौशल्य एका दिवसाचें नव्हे. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं एक प्राचीन दफन सांपडलें. त्यांत एक पुरुष व एक स्त्री ह्यांच्याबरोबर कुत्र्याचींही हाडें होतीं, आणि त्यांचें वय सुमारें १४,००० वर्षें ठरलें आहे. दांतांवरील खुणांवरून तें पिल्लू लहानपणीं मोठ्या दुखण्यांतून गेलें होतें व माणसांनीं शुश्रूषा केल्यामुळेंच तें कांहीं आठवडे अधिक जगलें असावें, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. म्हणजे माणसानें नांगर हातीं धरला नव्हता तेव्हांपासून हें जनावर त्याचें तोंड वाचीत आलेलें आहे.

ज्यांच्यावर आपली सत्ता चालते ते सर्व असेच आपलें तोंड वाचीत असतात. "अडचण असल्यास सांगा" असें आम्ही मुखानें म्हणत होतों, पण कपाळावरील आंठी "सांगूं नका" म्हणत होती. गड्यानें आंठी वाचली. त्यांत चूक त्याची नव्हती.

तिसरा धडा : धन्याची काळजी धन्यापाशींच राहत नाहीं

स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठांतील संशोधकांनीं २०१९ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. मनावरील ताणामुळें शरीरांत एक द्रव्य वाढतें, त्याचा अंश केंसांत उतरतो. त्यांनीं मेंढ्या वळणाऱ्या जातींच्या ५८ कुत्र्यांचे व त्यांच्या मालकिणींचे केंस तपासले. जिच्या केंसांत हें द्रव्य अधिक, तिच्या कुत्र्याच्या केंसांतही तें बहुधा अधिक आढळलें. मालकिणीच्या ताणाचा परिणाम कुत्र्यावर होत असावा असें त्यांनीं अनुमान काढलें.

शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्जाचा हप्ता, पडलेला भाव व आभाळाची लहर हीं ओझीं नेहमींचींच आहेत. तीं घरांत बोलूंच नयेत असें आम्ही म्हणत नाहीं; उलट बोलून दाखविल्यानें तीं हलकीं होतात. परंतु न बोलतां नुसती आदळआपट केली तर घरचीं माणसें, गडी व गुरें त्या ओझ्याखालीं दबतात, आणि ओझें कशाचें हेंही त्यांना कळत नाहीं.

चौथा धडा : पंक्तिप्रपंच कुत्र्यासही सहन होत नाहीं

व्हिएन्ना येथें फ्रीडरिके रांगे ह्या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं केलेला एक प्रयोग २००८ सालीं प्रसिद्ध झाला. दोन कुत्रे शेजारीं बसवून त्यांस पाळीपाळीनें पुढचा पाय हातांत देण्यास सांगितलें. दोघांनीं काम सारखेंच केलें, पण खाऊ एकासच दिला. ज्यास मिळाला नाहीं तो थोड्याच वेळांत पाय देईनासा झाला. हाच कुत्रा एकटा असतां खाऊ न मिळूनही अधिक वेळ पाय देत होता. विशेष हें कीं, एकास पाव व दुसऱ्यास मांसाचा तुकडा असा भेद केला तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. अधिकउणें त्यांनीं चालवून घेतलें. एकास कांहीं तरी व दुसऱ्यास कांहींच नाहीं, हें मात्र त्यांस सोसलें नाहीं.

आतां आपल्या खळ्याकडे पाहूं. सारखीच खुरपणी करणाऱ्या दोन बायांपैकीं एकीस सुगीच्या वेळीं पायलीभर धान्य वर घालावें व दुसरीस रित्या पदरानें पाठवावें, असें आपण सहज करतों. दुसरी बाई तोंडानें कांहीं बोलत नाहीं. पण पुढल्या वर्षीं बोलावणें केलें असतां तिला वेळ नसतो. मग आपण म्हणतों, मजूर मिळत नाहींत ! मजूर न मिळण्याचीं दुसरीं मोठीं कारणें आहेत हें आम्हांस मान्य आहे. परंतु हेंही एक कारण आहे, आणि तें दूर करणें सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.

पांचवा धडा : दांडगाई म्हणजे पुढारीपण नव्हे

लांडग्यांच्या कळपांत सर्वांत दांडगा असतो तो इतरांस दाबून नायक होतो, कुत्रा हा लांडग्याचा वंशज, म्हणून त्यास व ओघानें माणसांसही दाबूनच ठेवलें पाहिजे, असा एक समज पुष्कळ वर्षें रूढ आहे. त्याचें मूळ पाहण्यासारखें आहे. १९४७ सालीं रुडोल्फ शेंकेल ह्या प्राणिशास्त्रज्ञानें बंदिवासांतील लांडग्यांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. पुढें डेव्हिड मेच ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या ग्रंथानें तो समज सर्वत्र पसरला. परंतु कोंडलेल्या लांडग्यांची रीत ही रानांतल्या लांडग्यांची रीत नव्हे. मेच ह्यांनीं स्वतः १९८६ पासून अनेक उन्हाळे कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांजवळ राहून काढले, आणि १९९९ सालीं लिहिलें कीं, रानांतला कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं पोरें असें एक कुटुंब असतें. त्यांतील नायक हे मारामारी करून नायक झालेले नसतात, ते केवळ आईबाप असतात. पुढें त्यांनीं आपला जुना ग्रंथ छापूं नये अशी प्रकाशकास विनंतिही केली.

आपणच पसरविलेली चूक आपणच जाहीरपणें दुरुस्त करणें हा पुढारीपणाचा केवढा मोठा धडा आहे ! आम्हांसही एक चूक येथें कबूल करावयाची आहे. नोकरींत असतांना एका दुष्काळी वर्षीं एक तरुण तलाठी पीक कापणीच्या वजनांचा तक्ता घेऊन आला. वजनें अपेक्षेहून फारच कमी होतीं. आम्हीं त्यास चार लोकांत म्हटलें, "हें वर दाखवावयाचें कसें ? नीट पाहून आण." आम्हीं खोटें लिही म्हटलें नाहीं, पण त्यानें आमची आंठी वाचली. दुसऱ्या दिवशीं तक्ता 'नीट' होऊन आला. त्या गांवाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर राहिली, आणि ज्या सवलती त्यास मिळाव्या त्या मिळाल्या नाहींत. तो कागद आम्हींच पुढें पाठविला. आमच्या हातून चूक झाली असें त्या गांवास आम्हीं कधीं सांगितलें नाहीं. आज येथें सांगत आहों. पुष्कळ उशीर झाला आहे हें आम्ही जाणतों.

सहावा धडा : वळण लवकर लावावें

जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं अमेरिकेंत बार हार्बर येथें अनेक वर्षें कुत्र्यांचें संगोपन करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखीपाळखीचा असतो, असें त्यांनीं दाखविलें. ह्या अवधींत ज्यांच्या सहवासांत पिल्लू वाढेल त्यांस तें आपलें मानतें. मेंढ्यांत वाढविलेलें पिल्लू मेंढ्या राखतें तें ह्यामुळेंच. आफ्रिकेंतील नामिबिया देशांत चित्ता संरक्षणार्थ काम करणारी एक संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांस तुर्कस्तानी जातीचीं राखणीचीं कुत्रीं देत आली आहे. कुत्रा कळप राखतो, नुकसान घटतें आणि शेतकऱ्यास चित्त्यावर बंदूक उचलावी लागत नाहीं. आपले धनगर बांधव पिल्लास मेंढ्यांच्या वाड्यांतच लहानाचें मोठें करतात तेंही ह्याच धोरणानें.

आपल्या मुलांस जमिनीचा लळा लावावयाचा असेल तर हाच न्याय लक्षांत घ्यावा. वीस वर्षें मुलास बांधावर पाऊल टाकूं न देतां, एकविसाव्या वर्षीं "शेतीकडे लक्ष देत नाहीं" म्हणून त्यास बोल लावणें व्यर्थ आहे.

येथें एक इशारा

ह्या सर्वांवरून कोणी असें समजूं नये कीं, हाताखालच्या माणसांनीं कुत्र्यासारखें इमानी असावें असें आमचें म्हणणें आहे. कुत्रा आपला धनी निवडूं शकत नाहीं. माणूस निवडूं शकतो, व तो त्याचा हक्क आहे. गड्यापाशीं कुत्र्याची निष्ठा मागणारा धनी त्यास माणूस मानीत नाहीं. आमचें म्हणणें उलट आहे. कुत्र्याचे धडे हाताखालच्यांसाठीं नव्हेत, धन्यासाठीं आहेत. पुराणकथांतही असेंच आहे. ऋग्वेदांतील सरमा ही इंद्राची दूती होऊन चोरलेल्या गाई शोधण्यास गेली, तेव्हां पणींनीं तिला बहीण म्हणून राहण्याचें व गाईंचा वांटा देण्याचें आमिष दाखविलें. तिनें तें झिडकारलें. आम्ही ज्या खात्यांत नोकरी केली तेथें पणी पुष्कळ भेटतात, म्हणून ही कथा आम्हांस विशेष मोलाची वाटते. आणि महाप्रस्थानाच्या वेळीं बरोबर आलेल्या कुत्र्यास सोडून इंद्राच्या रथांत चढण्यास युधिष्ठिरानें नकार दिला, ही कथा तर सर्वश्रुतच आहे. तेथें परीक्षा कुत्र्याच्या इमानाची नव्हती, धन्याच्या इमानाची होती.

आम्हीं काय केलें

पुढील हंगामांत खंड्या भुंकला कीं आम्ही बॅटरी घेऊन उठूं लागलों, मग कांहीं दिसो वा न दिसो, आणि परत येतांना त्यास भाकरीचा एक तुकडा देऊं लागलों. प्रथम पंधरा दिवस तो आम्हांस पाहतांच मागें सरे. नंतर सरेनासा झाला. त्या वर्षीं डुकरें तीनदां आलीं. दोन वेळां वेळेवर हुसकलीं, एकदां नुकसान झालें, पण थोडें.

गड्याशीं दर शनिवारीं सायंकाळीं बसण्याचा परिपाठ ठेवला, आणि पहिला प्रश्न "बिघडलें काय ?" हा ठेवला. पहिले दोन शनिवार त्यानें "सगळं ठीक आहे" एवढेंच सांगितलें. तिसऱ्या शनिवारीं विहिरीचें एक कडें खचत आहे हें सांगितलें. तेव्हां कळलें तें बरें झालें. पावसाळ्यांत कळतें तर विहीरच गेली असती.

सर्वांत कठीण प्रसंग पाणी वापर संस्थेंत आला. आम्ही तिचे अध्यक्ष. एके सकाळीं पाटकरी दारांत येऊन बराच वेळ घुटमळला व मग म्हणाला, शेजपाळी सोडून रात्रीं बारें फोडलें जातें. कोण फोडतो ? आमचेच चुलतबंधू ! पूर्वींचे आम्ही असतों तर पाटकऱ्यावरच उखडलों असतों. त्या दिवशीं त्यास बसवून चहा दिला, जागा पाहून आलों, आणि सभेंत नियमाप्रमाणें दंडाचा ठराव आम्हींच मांडला. चुलतबंधू अद्याप आमच्याशीं बोलत नाहींत, ह्याचें दुःख आहे. परंतु चारीच्या शेवटास असलेल्या खातेदारांस त्या पाळीस प्रथमच पुरतें पाणी मिळालें.

शेवटीं कुत्र्याच्या ऋणाची फेड म्हणून एक कर्तव्य सांगतों. पिल्लू तीन महिन्यांचें होतांच त्यास पिसाळीची लस टोंचवावी व पुढें दरसाल टोंचवीत जावें. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी, मिरची, चुना, हळद कांहींएक लावूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. लुई पाश्चर ह्यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं एका मुलास ही लस प्रथम टोंचली. त्यानंतर इतक्या वर्षांनींही हयगयीमुळें माणसें मरावींत ही आपल्या पुढारीपणास लाज आणणारी गोष्ट आहे. आपल्या संस्थेनें गांवोगांवीं लसीचा एक दिवस ठरवून घ्यावा अशी आमची सूचना आहे.

असो. हें लिहीत असतां खंड्या ओटीखालीं निजला आहे. आम्हांस तो क्षमा करून बसला आहे कीं विसरला आहे हें त्यास विचारतां येत नाहीं. गड्यास विचारतां आलें असतें, तें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "भाऊसाहेब, आतां सांगायला भ्या वाटत न्हाई, एवढं बास." वाचकबंधूंनीं आपापल्या वस्तीवर हीच परीक्षा एकदां देऊन पाहावी, व निकाल कसाही लागला तरी तो मासिकाकडे अवश्य लिहून कळवावा.